मोबाईलवरचं पुस्तक खरंच स्वस्त पडतं का? गावच्या वाचकाचा हिशेब

रत्नागिरी : फोनवर पुस्तक घेतलं की कागद नाही, छपाई नाही, टपाल नाही. मग ते छापील पुस्तकाच्या पाव किमतीत मिळायला हवं, असं कुणालाही वाटेल. पण एखादं नावाजलेलं मराठी पुस्तक ॲपवर शोधलं की किंमत बघून माणूस थबकतो. छापील तीनशेचं असेल तर ई-पुस्तक बऱ्याचदा दोनशे-सव्वादोनशेला. कधी कधी ऑनलाइन सवलतीत छापील पुस्तकच त्याच्यापेक्षा पाच-दहा रुपयांनी खाली आलेलं असतं. मग हातात धरता येईल, शेजाऱ्याला देता येईल असं पुस्तक सोडून फोनमधलं कशाला घ्यायचं, हा प्रश्न रास्त आहे.

अलीकडच्या काळात छापील पुस्तकाच्या खर्चावर परिणाम करणारे तीन सरकारी निर्णय झाले. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं. १ मे २०२५ ला त्याच खात्याने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. त्यात शाळेच्या वह्या करमुक्त झाल्या, वह्यांचा कागदही करमुक्त झाला, पण पुस्तकं छापायच्या कागदावर १८ टक्के कर बसला. ई-पुस्तकाच्या करात मात्र फरक पडला नाही. तेव्हा आता दोन्हींचा हिशेब पुन्हा मांडून बघायला हरकत नाही.

तीनशे रुपये जातात कुठे?

समजा एका कादंबरीची छापील किंमत ३०० रुपये आहे. प्रकाशन धंद्यात साधारण धरलं जाणारं गणित असं : शंभर ते सव्वाशे रुपये विक्रेता आणि वितरकाकडे जातात. तीसेक रुपये लेखकाचे. कागद, छपाई, बांधणी मिळून पाऊणशे ते नव्वद. उरलेल्यात प्रकाशकाचं अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम, कामगारांचे पगार आणि न खपलेल्या गठ्ठ्यांचा तोटा. मराठीत बहुतेक पुस्तकांची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची असते, म्हणून हा वरखर्च थोड्या प्रतींवरच वाटला जातो.

आता याच पुस्तकाचं ई-पुस्तक करा. वाचतात ते कागद-छपाईचे पाऊणशे-नव्वद रुपये आणि गोदाम. बाकी सगळं तसंच. लेखक तोच, मुद्रितशोधन तेच, मुखपृष्ठ तेच. विक्रेत्याच्या जागी ॲपवाली कंपनी येते आणि तीही आपला वाटा सोडत नाही. अमेझॉनच्या किंडलवर स्वतः पुस्तक टाकणाऱ्या लेखकाला योजनेप्रमाणे ३५ किंवा ७० टक्के मिळतात. म्हणजे शंभरातले तीस ते पासष्ट रुपये कंपनीकडे राहतात. गावातल्या दुकानदाराच्या वाट्याला एवढं कधीच येत नाही.

वर कराची गंमत आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर मात्र कर आहे. आधी तो १८ टक्के होता, जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला, पण एका अटीवर : त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असली पाहिजे. एखाद्या नव्या लेखकाने, छापायला पैसे नाहीत म्हणून, पुस्तक फक्त ई-पुस्तक म्हणून काढलं तर त्यावर अजूनही १८ टक्के. ज्याला स्वस्तात पुस्तक काढायचं होतं त्यालाच जास्त कर, असा हा उलटा न्याय आहे.

छापील पुस्तक करमुक्त असलं तरी तेही पूर्ण सुटत नाही. पुस्तकावर कर नाही म्हणून प्रकाशकाला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर मुकाट्याने पुस्तकाच्या किमतीत मिसळतो. म्हणजे १८ टक्क्यांचा बोजा शेवटी वाचकावरच. येत्या काही आवृत्त्यांमध्ये छापील किमती वर सरकल्या तर त्याचं एक कारण हे असेल. तरीही ई-पुस्तक त्या प्रमाणात स्वस्त होईल, याची खात्री नाही. प्रकाशक बहुधा ई-पुस्तकाची किंमत छापील किमतीकडे बघूनच ठरवतात. ई-पुस्तक फार स्वस्त ठेवलं तर छापील प्रत पडून राहील, ही भीती त्यांना असते. ती अगदी खोटीही नाही.

दापोली तालुक्यातली दोन पुस्तकं

किंमत कागदावर ठरत नसेल तर कशावर ठरते? दापोली तालुक्यातलीच दोन उदाहरणं बघितली तर लक्षात येतं.

साने गुरुजींचा जन्म पालगडचा, १८९९ चा. 'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म मुर्डीचा, १९१३ चा. त्यांची 'गारंबीचा बापू' १९५२ ची. दोन्ही पुस्तकांत दापोलीचीच माती आहे. दोन्ही मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचली गेली.

पण 'श्यामची आई' आज फोनवर फुकट वाचता येते, तीही पूर्ण कायदेशीर. 'गारंबीचा बापू' तशी फुकट वाचता येत नाही. कारण सरळ आहे. भारतात लेखक गेल्यानंतर, ते वर्ष संपल्यापासून ६० वर्षं पुस्तकाचा हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला त्यांच्याकडे राहतो. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. पेंडसे २००७ मध्ये गेले.

याचा परिणाम छापील किमतीवरही दिसतो. 'श्यामची आई' आता अनेक प्रकाशक छापतात. कुणाची जाड कागदाची, कुणाची स्वस्त, एसटी स्टँडवरच्या गाड्यावर मिळणारी. चार जण विकत असले की भाव आपोआप खाली राहतो. हक्क एकाकडेच असला की भाव तोच ठरवणार, मग पुस्तक कागदावर असो की काचेवर. हे आंब्याच्या बाजारासारखंच आहे. एकच व्यापारी आला तर दर त्याचा, चार आले तर थोडाफार बागायतदाराचाही.

याच नियमाने लोकमान्य टिळकांचं 'गीतारहस्य' मोकळं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळं झालं. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड राज्य सरकारने छापले आणि किंमत कमी ठेवली, पण छापील खंड हवे तेव्हा मिळत नाहीत ही वाचकांची जुनी तक्रार आहे. छपाई रखडल्याच्या बातमीची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्याच खंडांच्या पीडीएफ इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. छापील खंडासाठी मुंबईला खेपा मारण्यापेक्षा त्या कधीही बऱ्या.

एकाला स्वस्त की वाडीला?

आतापर्यंतचा हिशेब एका वाचकाचा झाला. गावात पुस्तक एकटं कुणी वाचत नाही. ते आईकडून मुलीकडे, तिथून शेजारी, मग शाळेच्या बाईंकडे, शेवटी वाचनालयात जातं. हा फिरता हिशेब धरला की चित्र उलटं होतं.

वाचनालयाने ३०० रुपयांचं पुस्तक घेतलं आणि दहा वर्षांत चाळीस जणांनी वाचलं, तर माणशी साडेसात रुपये पडले. तेच पुस्तक चाळीस जणांनी आपापल्या फोनवर २२५ रुपयांना घेतलं तर ९,००० रुपये झाले. कुठलं ई-पुस्तक इतकं स्वस्त होणार आहे?

ई-पुस्तक असं फिरत नाही. ते आपण विकत घेतो असं वाटतं, पण नियम-अटी वाचल्या तर मिळतो फक्त वाचायचा परवाना. किंडलचं पुस्तक किंडलच्या ॲपमध्ये, बुकगंगाचं बुकगंगाच्या. घरातल्या दोन-तीन फोनवर एकाच खात्यातून वाचता येतं, तेवढीच सवड. शेजाऱ्याला देता येत नाही, वाचून झाल्यावर जुन्या बाजारात विकता येत नाही, आजोबांच्या माघारी नातवाला मिळेलच असंही नाही. २००९ मध्ये अमेझॉनने अमेरिकेत जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. विक्रेत्याकडे हक्कच नव्हता असं कारण दिलं आणि पैसे परत केले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. घेतलेली पुस्तकं उघडेनात. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. छापील पुस्तकाच्या दुकानाला टाळं लागलं म्हणून कुणाच्या घरच्या फळीवरचं पुस्तक नाहीसं होत नाही.

परदेशात वाचनालयं ई-पुस्तकंही देतात. एका प्रतीवर एका वेळी एक वाचक, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत. पण तिथेही प्रकाशकांनी खुंटी मारून ठेवली आहे. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या मोठ्या कंपनीने ठरवलं की वाचनालयाने घेतलेलं ई-पुस्तक २६ वेळा दिलं की संपलं, पुन्हा पैसे भरा. कागदाचं पुस्तक फाटतं, तर ई-पुस्तकही फाटलं असं धरायचं! आपल्याकडे गावच्या वाचनालयातून मराठी ई-पुस्तकं देण्याची अशी सोय अजून रुजलेली नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या वाचकासाठी खरी स्वस्त गोष्ट अजून वाचनालयच आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. पण ही शहरातली. खेड्यातली बहुतेक वाचनालयं छोट्या वर्गातली, सरकारी अनुदानावर चालणारी. २०२२ च्या अखेरीस सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तीही बऱ्याच वर्षांनी. त्या रकमेत ग्रंथपालाचा पगार, जागेचं भाडं, वीज आणि वर्तमानपत्रं भागवून नवी पुस्तकं किती येणार? कागद महागला की या यादीतून सगळ्यात आधी पुस्तकंच कापली जातात. १८ टक्क्यांचा खरा फटका तिथे बसणार आहे. शहरातला वाचक ॲपकडे वळेल. वाडीतल्या वाचनालयाला तो रस्ताच नाही.

पाण्यात न बुडणारं पुस्तक

तरी ई-पुस्तकाच्या बाजूने एक गोष्ट कोकणाएवढी कुणाला पटायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. २००५ च्या जुलैतही चिपळूण असंच पाण्याखाली गेलं होतं. नवी पुस्तकं पुन्हा घेता येतात. जुनी, जी आता कुणी छापत नाही, ती एकदा गेली की गेली. त्यांच्या किमतीचा हिशेबच होत नाही.

पूर नसला तरी कोकणात कागद सांभाळायलाही खर्च आहे. चार महिने दमट हवा, भिंतीला ओल, पुस्तकाला कसर आणि वाळवी. माळ्यावर ठेवलेल्या पेटीतली पुस्तकं चाकरमानी गणपतीला येऊन उघडतो तेव्हा निम्मी पानं चिकटलेली असतात. दुर्मीळ पुस्तकं फोटो काढून, स्कॅन करून ठेवणं हा ई-पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा उपयोग. वाचनालयांना अनुदान देताना सरकारने या कामासाठी वेगळी रक्कम ठेवली तर ती वाया जाणार नाही. पण स्कॅन केलं म्हणून सगळंच लोकांना वाटता येईल असं नाही. तिथे पुन्हा साठ वर्षांचा नियम आडवा येतो.

फुकट आहे ते कुठे आहे?

ॲपवर पैसे टाकण्याआधी कायदेशीर फुकट काय मिळतं ते बघून घ्यावं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत. एनसीईआरटीची पुस्तकंही तशीच फुकट. पोलीस भरती, तलाठी किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाला पाया घालायला हीच पुस्तकं सांगितली जातात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोकळी ठेवली आहेत. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने फुकट देतं. लहान मुलांसाठी केंद्राचं 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' हे ॲप २०२४ मध्ये आलं, त्यात मराठीही आहे.

फक्त एक सावधगिरी. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ फुकट असली तरी ती झेरॉक्सवाल्याकडे काढून आणणं फुकट नाही. दोनशे पानं, पानाला दोन रुपये धरले तर चारशे, वर स्पायरलचे वेगळे. बालभारतीचं छापील पुस्तक बहुतेक वेळा याच्या कितीतरी खाली मिळतं. पहिली ते आठवीच्या मुलांना तर सरकारी आणि अनुदानित शाळेत ते मोफतच मिळतं. पीडीएफ फोनवर वाचायची असेल तरच तिचा फायदा. आणि फोनवर वाचायचं तर अक्षर मोठं केल्यावर ओळ आपोआप जुळवून घेणारी फाईल बघावी. स्कॅन केलेल्या पानावर बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवत बसलं तर दहा पानांत डोळे शिणतात. नुसत्या मजकुराची फाईल एक-दोन एमबीची असते, एखाद्या रीलपेक्षाही हलकी. बाजारात रेंज असताना उतरवून घेतली की मग वाडीत टॉवर नसला तरी चालतं. वाचनासाठी वेगळं यंत्र घ्यायचं तर मात्र दहा हजारांच्या वर जावं लागतं. तेवढ्यात वाचनालयाची कित्येक वर्षांची वर्गणी भागेल.

दुसरं फुकट व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरतं. 'शंभर रुपयांत पन्नास पुस्तकांची पीडीएफ' असे मेसेज भरतीच्या हंगामात हमखास येतात. नव्या पुस्तकाची अशी प्रत बनवणं आणि विकणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. पकडलं कुणाला जातं हा भाग वेगळा. पण ज्याची पाचशे प्रतींची आवृत्ती आहे त्या लेखकाचं पुस्तक ग्रुपवर फिरलं की दुसरी आवृत्ती निघतच नाही. शिवाय परीक्षेच्या पुस्तकांत धोका विद्यार्थ्यालाच. फिरणारी प्रत बऱ्याचदा जुनी असते. अभ्यासक्रम बदललेला, आकडेवारी मागची. शंभर रुपये वाचवून वर्ष घालवलं तर ते महाग पडेल.

टपालाचे रुपये

राहिला प्रश्न छापील पुस्तक घरी पोचायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी दुकान आहे, पण मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या गावातून तिथे जायचं तर एसटीचं भाडंच पुस्तकाच्या किमतीला भिडतं. ऑनलाइन मागवलं तर खासगी कुरिअर वाडीपर्यंत येईलच असं नाही. पोस्टमन येतो. म्हणून रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांनी ओरड केली होती. पार्सलचा खर्च एकदम वाढला की पुस्तक मागवणारा ग्राहक हात आखडता घेतो.

त्यानंतर आलेलं 'ज्ञान पोस्ट' ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंत १०० रुपयांत पुस्तक पोचवतं, कर वेगळा. जमिनीवरच्या मार्गाने जातं, त्यामुळे चार दिवस उशीर होतो. एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा वाडीतल्या पाच-सहा जणांनी मिळून एकच पार्सल मागवलं तर पुस्तकामागे टपाल दहा-पंधरा रुपयांवर येतं. एवढं झालं की ॲपवरच्या किमतीतला आणि छापील किमतीतला फरक जवळपास मिटतो. वर हातात पुस्तक उरतं, जे पुढच्याला देता येतं. मागवताना विक्रेत्याला 'ज्ञान पोस्टने पाठवा' असं सांगावं लागतं. सगळे स्वतःहून पाठवत नाहीत.

दापोलीच्या त्या दोन पुस्तकांचं म्हणाल तर 'श्यामची आई' आज रात्रीही फोनवर उतरवून घेता येईल. 'गारंबीचा बापू' मोकळी व्हायला १ जानेवारी २०६८ उजाडेल. तोवर ती विकत घ्यावी लागेल, नाहीतर वाचनालयाच्या फळीवरून आणावी लागेल.